बी तुमच्याकडे राहू दे

सड्याची वाडी, लांजा
४ फेब्रुवारी

आक्का,

हे पत्र आमसुलांच्या पिशवीत तळाशी ठेवलं आहे. वर ठेवलं असतं तर तुम्ही न वाचता पिशवी सखारामच्या हातात परत दिली असती. आमसुलं मात्र तुम्ही परत करणार नाही, कारण ती तुम्हीच गेल्या मे महिन्यात सड्यावर वाळत घातली होतीत. फोन तुम्ही उचलत नाही. शेजारच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. सखाराम रोज राजापूरच्या गाडीवर कंडक्टर असतो आणि तुमच्या गावावरूनच जातो, म्हणून हा मार्ग.

एकच सांगायचं होतं. भांडण झालं त्या दिवशी मी चिपळूणला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. परत आले तर परसातलं खुराडं पाडलेलं, चिऱ्यांचा ढीग, तुमच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि हे ओटीवर बसून तंबाखू मळत होते.

"आक्का कुठंयत?" विचारलं.

"वयनी? गेली माहेरी. काळी कोंबडी नि एक नर काखेत मारलान नि गेली."

बाजाराला गेल्यासारखं सांगितलं. भावोजींचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. तुमच्या दोघांत काय बोलणं झालं ते मला वाडीतल्या तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितलं आहे. तुमच्याकडून ऐकायचं राहिलं आहे.

ज्या शेडसाठी खुराडं पाडलं, तिची हकीकत अशी. कंपनीची पांढरी पिल्लं आली, दिवाळीपूर्वीच्या उन्हात माना टाकून पडली. आता शेडमध्ये ह्यांची स्कूटर असते. तुम्ही मागे ठेवून गेलात त्या कोंबड्या मात्र चांगल्या आहेत. संध्याकाळी आधी खुराड्याच्या जागेवर जातात, चिऱ्यांभोवती फिरतात, आणि मग एकेक करून फणसावर चढतात. लंगडीला चढता येत नाही. ती न्हाणीघराच्या मागे लाकडांच्या ढिगात एकटी झोपते. तुरेवाली अंड्यावर आहे. तांबडी रवणाला, अंडी उबवायला, बसवली आहे. लाल कोंबडा एवढा माजलाय की ह्यांच्या पोटरीला टोच मारून रक्त काढलंन. त्याला राखणीसाठी, वेशीवरच्या राखणदार देवाला द्यायला, बोलून ठेवलंय म्हणून वाचला. राखणदाराला घरच्या पैदाशीतलाच कोंबडा लागतो, नाहीतर ह्यांनी तेव्हाच पातेल्यात घातला असता.

पिशवी परत पाठवा. त्यात काही नसलं तरी चालेल.

दमयंती

—

२० फेब्रुवारी

आक्का,

पिशवी मिळाली. धुऊन, चौघडी घालून. आमसुलं काढून घेतलीत, म्हणजे पत्रही हाताला लागलं असेल. जास्त विचारत नाही.

सखाराम तुमची सगळी बातमी सांगतो. तुम्ही सांगू नको म्हटलंत तरी त्याच्या पोटात राहत नाही. काळीच्या पिल्लांवरून तुमच्याकडे अंगणभर कोंबड्या झाल्या, राजापूरच्या स्टँडासमोरच्या खानावळीला तुमची अंडी जातात, आणि तुमच्या भावजयीने एकदा काही सुचवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "भावाच्या घरात राहत्ये, भावाचं खात नाय." हे ऐकून मला बरं वाटलं. मग वाटलं, इतकं चांगलं चाललंय तर आक्का कशाला परत येतील.

इकडची गंमत ऐका. तांबडीची पिल्लं बाहेर आली त्याच दिवशी मोटारसायकलवरून रंगीत पिल्लं विकणारा आला. गुलाबी, हिरवी, पिवळी. हे धावतच गेले आणि पिशवीभर घेऊन आले.

"बघ गो, लग्नाला निघाल्यासारखी दिसतायत!"

म्हटलं, "तुमच्याच लग्नाची वरात काढा. ह्यांना आई कोण होणार?"

"तांबडी हाय की. अंधार पडला की हळूच सारायची खाली."

तुम्ही असतात तर त्याच मोटारसायकलवर ह्यांनाही बसवून पाठवलं असतंत. पण तिन्हीसांजेला मीच ती पिल्लं एकेक करून तांबडीच्या पोटाखाली सारली. तिने एका हिरव्या पिल्लाकडे मान तिरकी करून पाहिलं. मला वाटलं, आता टोचणार. तर तिने पंख पसरला. सकाळी तिच्या पाठीवर चढून ते हिरवं पिल्लू उन्हात डोळे मिटून बसलं होतं. वाडीतली माणसं बघायला आली.

दुसऱ्याचं पिल्लू पंखाखाली घेणं तिला किती सोपं गेलं. तुम्ही मला तेव्हा हेच सांगत होतात, मूल दत्तक घे म्हणून. ह्यांनी ऐकलं नाही, आणि मग वय निघून गेलं.

दमयंती

—

१ मार्च

आक्का,

आज पिशवी नाही, डालगं पाठवते आहे. त्यात लाल कोंबडा आहे आणि दोन तलंगा, अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आहेत. आधी पत्र पुरतं वाचा.

ते हिरवं पिल्लू प्रथम सुस्त झालं. पंख गाळून उभं राहायचं. रंग बाधला असेल असं आम्हाला वाटलं. मग गुलाबी गेलं, मग तांबडीची स्वतःची. आणि परवा तांबडी अंगणात गोल गोल फिरायला लागली, मान पाठीकडे वळवून, आभाळात काही शोधत असल्यासारखी. तुम्हाला लिहायची गरज नाही, तुम्ही ओळखलं असेल. मर आली आहे. दोन-तीन गेल्या आहेत.

सासूबाई असताना अशी मर आली होती, आठवतं? तेव्हा त्यांनी टोपलीत तीन कोंबड्या घालून तुमच्या माहेरी पाठवल्या होत्या. इकडचं सगळं गेलं, पण तिकडे बी राहिलं. पावसानंतर तुमच्या आईने त्याच कोंबड्यांची पिल्लं परत पाठवली आणि ह्या घराचं बी ह्या घरात आलं. आता तुमची आई नाही, पण तिचं घर आहे आणि तुम्ही आहात. म्हणून मी आज फणसावरून उतरल्या उतरल्या ह्या तिघांना धरलं. डोळे स्वच्छ आहेत, चोच कोरडी आहे, दाणे टिपले आहेत. मी नीट बघून घेतलं आहे.

हे चिडले. "राखणीचा कोंबडा यष्टीतून पाठवत्येस? राखणदाराला काय सांगू, राजापूरला गेलाय म्हणून?"

म्हटलं, "इथं ठेवला तर सांगायला कोंबडाच नाही राहायचा."

आक्का, मला ह्यातून दुसरं काही साधायचं नाही. खरं म्हणजे साधायचं आहे. बी तुमच्याकडे राहिलं तर ते परत आणायला कोणालातरी यावं लागेल. तुम्ही याल किंवा मी येईन. डालग्यावर ओलं पोतं टाकलं आहे. उतरवल्यावर पाणी दाखवा. तुमच्या कोंबड्यांत मिसळतील पटकन, सगळी काळीचीच नातलग आहेत.

बी तुमच्याकडे राहू दे.

दमयंती

—

५ मार्च

आक्का,

हातातलं काम टाका आणि हे वाचा.

त्या तिघांना वेगळं करा. तुमच्या कोंबड्यांचं पाणी वेगळं, दाणे वेगळे. शक्य असेल तर त्यांना गोठ्यात कोंडा आणि तुमच्या कोंबड्यांजवळ जाण्याआधी पाय धुवा.

काल गुरांचे डॉक्टर वाडीत आले होते, एका म्हशीसाठी. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी फणसाखालची विष्ठा बघितली, हिरवी, आणि म्हणाले ही मानमोडी आहे. आजारी कोंबडीला औषध नाही, लस आधी द्यायची असते. मग विचारलं, "इथून एखादी कोंबडी बाहेर गेली नाही ना?" मी म्हटलं, बऱ्या होत्या त्या गेल्या, बी राखायला. त्यांनी वर फणसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बऱ्या दिसत असतात हो. अंगात असतं. इकडे गावोगाव असंच पसरतं. प्रत्येकजण चांगली कोंबडी निवडून पाहुण्याकडे पाठवतो."

मी त्यांच्यासमोरच तुम्हाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. ह्यांच्या फोनवरून, डॉक्टरांच्या फोनवरून. एकदा तुमच्या भावाच्या दुकानात लावला, तर कोणा मुलाने उचलला आणि "आत्या घरात नाय" म्हणून ठेवला.

आज सखाराम सुट्टीवर आहे. मी लांज्याच्या स्टँडावर उभी राहून, कंट्रोलरच्या टेबलावर वाकून हे लिहिते आहे. गाडीवर आज ओळखीचं कोणी नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, त्या फाट्यावर कोणी उभं असेल तर देतो." मी स्वतः गाडीत चढले होते. पाय ठेवला आणि उतरले. चपलेला फणसाखालची माती होती. डॉक्टर म्हणाले होते, पायांनीही जातं.

आक्का, फाट्यावर कोणीतरी असू दे.

दमयंती

—

२२ मार्च

आक्का,

डालगं परत मिळालं. तुम्ही ते घासून धुतलं आहे, पंखाचं एक पीसही ठेवलं नाही.

फाट्यावर कोणी नव्हतं. ते पत्र कंडक्टरने दुसऱ्या दिवशी सखारामला दिलं आणि सखारामने तुम्हाला. तोवर तुमचा लाल कोंबडा, म्हणजे आमचा, खाली बसलेला होता.

बाकी सखारामने सांगितलं. तुम्ही काजूच्या झाडाखाली एकट्याने खड्डा मारलात. भाऊ मदतीला आला तर त्याच्या हातात कुदळ दिली नाहीत. काळी सगळ्यात शेवटी गेली आणि तिला तुम्ही इतरांबरोबर पुरली नाहीत. खानावळवाला अंड्यांसाठी येऊन गेला. आणि आता तुम्ही रोज सकाळी काजूच्या फॅक्टरीत सोलायला जाता, हाताला काजूचा चीक लागून बोटं काळी झाली आहेत. हे सगळं सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी विचारलं, "मला काही निरोप?" तर म्हणाला, "नाय. काय बोलल्या नायत. घरात कोणाशीच बोलत नायत."

भावजय काही म्हणाली का, हेही मी विचारलं. त्याने तिकिटाचं मशीन खालीवर केलं आणि गाडीत चढला.

मी क्षमा मागणार नाही. मागून तुमच्या अंगणात एक कोंबडी आली असती तर मागितली असती.

मी तुम्हाला दोन-तीन गेल्या असं लिहिलं, तेही खरं नव्हतं. डालगं पाठवलं त्या दिवशीच फणस निम्मा रिकामा झाला होता. जास्त लिहिलं असतं तर तुम्ही डालगं उतरवून घेतलं नसतंत. आता इथे काही नाही. सकाळी उठते आणि तांदळाच्या कण्या मुठीत घेऊन परसात जाते, मग मूठ तशीच घेऊन आत येते. हे कालपासून शेडची जाळी उचकटत आहेत. कशाला, विचारलं तर म्हणाले, "गंजत्येय." गंजलेली नाही.

वाडीत म्हणतात, राखणीचा कोंबडा वेशीबाहेर पाठवला म्हणून झालं. म्हणू देत. तो पाठवण्याआधीच झालं होतं, आणि पाठवल्यावर तुमच्याकडे झालं. राखणदाराने काही केलं नाही. मी केलं.

एक लंगडी वाचली. फणसावर चढता येत नव्हतं म्हणून ती वेगळी झोपायची, म्हणून असेल. डॉक्टरही तसंच म्हणाले. आज ती खुडूक झाली आहे. लाकडांच्या ढिगात बसते आणि हात नेला तर अंग फुगवून गुरगुरते. खाली एकही अंडं नाही. नारळाची करवंटी आहे, ती पोटाखाली ओढून घेतली आहे. बाजारातली अंडी घालून उपयोग नाही, त्यात जीव नसतो, हे तुम्हीच शिकवलं आहे. वाडीत कोणाकडे अंडं उरलेलं नाही.

तुम्हाला हे का लिहिते मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाला लिहू?

दमयंती

—

२७ मार्च

आक्का,

डबा मिळाला.

सखारामने तो पुरी वाट मांडीवर धरून आणला, कुठे खाली ठेवला नाही. झाकण काढलं तर भाताचा कोंडा, आणि कोंड्यात अंडी. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "काळीची हायत, म्हणाल्या. मर यायच्या आधीची, रवणासाठी राखून ठेवलेली. एवढंच."

तुम्ही त्याच्याशी एक वाक्य बोललात. मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

हे ओटीवरून उठून आले. डब्यात बघितलं आणि म्हणाले, "वयनीने पाठवली?" मग बराच वेळ डब्याजवळ उभे राहिले आणि पायातल्या चपला काढल्या. का, ते त्यांनाच माहीत.

अंडी जुनी झाली आहेत, हे मला कळतं. उन्हात धरून बघितली, नीट काही दिसलं नाही. तरी तुमच्या पद्धतीने सगळं केलं. टोपलीत गवत, गवताखाली राख, टोपलीत लोखंडाचा खिळा, आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ. लंगडीच्या पोटाखालची करवंटी काढून एकेक अंडं सारलं. तिने चोचीने ओढून आत घेतलं. शेवटचं मी हातात धरून ठेवलं होतं, तेही तिने मान लांब करून मागितलं.

न्हाणीघराच्या मागे कोणी फिरकू नये म्हणून ह्यांनी झावळ्या लावल्या आहेत. ती दुपारी एकदा उठते, पाणी पिते, अंगात धूळ घेते आणि धावतच परत जाते. लंगडत धावते तेव्हा फार घाई असल्यासारखी दिसते.

मला आशा करायची भीती वाटते आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं.

दमयंती

—

२४ एप्रिल

आक्का,

तीन आठवडे होऊन वर आठवडा गेला.

ज्या दिवशी पिल्लं बाहेर यायची त्या दिवशी सकाळी एका अंड्याला बारीक भेग दिसली. कानाशी धरलं. आत टकटक होती. मी ह्यांना हाक मारली, त्यांनी अंडं हातात घ्यायचं धाडस केलं नाही, मीच त्यांच्या कानाला लावलं. ते हसले. मर आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंय की कवचाला हात लावायचा नाही, पिल्लाने आपल्या बळाने बाहेर यायचं. मी हात लावला नाही. टोपलीशेजारी पाट टाकून बसले. दुपारपर्यंत टकटक होती. मग थांबली. मला वाटलं, दम खात असेल. संध्याकाळी लंगडीने स्वतःच ते अंडं पोटाखालून बाजूला सारलं.

मी कवच काढायला हवं होतं का? तुम्ही काढलं असतंत का? ह्या एका प्रश्नाचं उत्तर सखारामजवळ द्या, बाकी काही देऊ नका.

बाकीची अंडी पाण्यात घालून पाहिली. सगळी तरंगली. जरा हलवली की आतून पाणी डुचमळतं. परत टोपलीत ठेवली, कारण लंगडी पाण्याच्या पातेल्यापर्यंत माझ्या मागे मागे आली होती आणि ओरडत होती. तेव्हापासून ती बसली आहे. दुपारचंही उठत नाही. तुरा पांढरा पडला आहे, छातीचं हाड हाताला लागतं. तिच्यासमोर कण्या ठेवते, त्या मुंग्या घेऊन जातात. अंड्यांना आता वास येतो. वाडीतल्या बायका म्हणतात, "अंडी फेक नि तिला पाण्यात बुडव, चार दिवसात इसरंल." हे म्हणतात, "तुला जमत नसेल तर मी टाकतो." पण तेही टाकत नाहीत. झावळी बाजूला करतात, बघतात, आणि झावळी परत लावतात.

ह्यांनी शेडची जाळी सगळी काढली आणि खुराड्याचे चिरे परत रचायला घेतले. गुडघ्याइतकी भिंत झाली आणि थांबले. दार कुठल्या बाजूला होतं ते आठवेना. मला विचारलं. मी इतकी वर्षं त्या दारातून अंडी काढली, मलाही सांगता आलं नाही. फणसाकडे की विहिरीकडे? ह्यांनी हातातला चिरा खाली ठेवला आणि म्हणाले, "वयनीला ठाऊक असंल." मग म्हणाले, "तूच लिव. माझ्या हाताने नाय होणार." ते एवढंच म्हणतील, आक्का. त्याहून जास्त त्यांच्याकडून येणार नाही.

माझं बाळ गेलं तेव्हा मी माजघरात पाळण्याची दोरी धरून बसले होते. आईने समजूत घातली, सासूबाईंनी घातली, ह्यांनी बाहेरच्या बाहेर घातली. मी दोरी सोडली नाही, जेवले नाही. तुम्ही समजूत घातली नाहीत. आलात, बोटं एकेक करून दोरीपासून सोडवलीत, काखेत हात घालून मला उचललंत आणि परसात नेऊन उभं केलंत. "त्या पिल्लांना पाणी घाल," म्हणालात. मला राग आला होता. पण मी पाणी घातलं.

पुढे कितीदा रवण नासली, तेव्हा कोंबडीला तुम्हीच उठवलंत. मी कधी उठवली नाही. तुम्ही तिला काय करायचात ते मी बघायची, पण ते माझ्या हातात आलं नाही. काल तिच्या पोटाखाली हात घातला. तिने टोचलं नाही. डोळे मिटून घेतले आणि भार माझ्या हातावर टाकला. मी तशीच बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत, आणि हात काढून घेतला.

तुमच्या अंगणात मी काही ठेवलं नाही. इथेही काही राहिलं नाही, फक्त ही आहे, आणि हिच्या खाली तुमच्या काळीची अंडी आहेत. ती फेकायचा हक्क मला नाही.

राहायला या असं म्हणत नाही. बोलायलाही नको. गाडीतून उतरा, मागच्या वाटेने परसात या, तिला उठवा आणि हवं तर त्याच गाडीने जा. झावळी नुसती टेकवून ठेवली आहे.

दमयंती